नवे जनावर, जुने जनावर आणि पंचांचे माप



आजच्या विषयाची सुरुवात मुलांच्या खेळापासून करतो. पोकेमॉन नावाचा एक जपानी खेळ आहे. १९९६ साली तो निघाला तेव्हा त्यात १५१ काल्पनिक प्राणी होते. आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. हे प्राणी एकमेकांशी झुंजवायचे, असा तो खेळ. आता गंमत अशी की, मुलांचा जीव जडलेला असतो पिवळ्या पिकाचूवर. पण चुरशीच्या सामन्यात त्याला सहसा कोणी उतरवीत नाही. कारण उघड आहे. नवा खेळ खपवायचा तर नव्या प्राण्याच्या अंगी काही अधिक घालावे लागते. जुना काही दुबळा झालेला नसतो. शेजारी थोरला आला म्हणून तो धाकटा दिसतो, एवढेच.

मंडळी, हे ऐकून तुम्ही म्हणाल, हे आमच्या गोठ्यातलेच झाले की! खरे आहे. प्रवरेच्या काठी, आमच्या कोल्हारच्या आसपास, पाट आला, ऊस आला, उसाचे वाढे आणि घास आला. आणि त्यामागून काळीपांढरी संकरित गाय आली. नगर-मनमाड रस्त्याने दक्षिणेला निघालात की राहुरी लागते. तिथल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, म्हणजे १९६८ साली स्थापन झालेल्या संस्थेने, 'फुले त्रिवेणी' गाय तयार केली. तिच्यात निम्मे रक्त होल्स्टीनचे, पाव जर्सीचे आणि पाव आपल्या गीरचे. वेताला तीन हजार लिटरच्या आसपास दूध! दिवसाला दोन-तीन लिटर देणाऱ्या गावठी गाईने तिच्यापुढे उभे तरी कसे राहावे?

दुधाच्या स्पर्धेत आदल्या दिवशी कास रिकामी करतात, मग पंचांसमोर धारा काढून दूध मोजतात. तिथे माप एकच, लिटरचे. २०१९ च्या पशुगणनेत देशातली विदेशी व संकरित गुरे आधीच्या गणनेपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि देशी गुरे ६ टक्क्यांनी घटलेली. मी संकरित गाईला नावे ठेवणार नाही. दर दहा दिवसांनी हाती येणाऱ्या दुधाच्या पैशावर आपल्याकडे किती घरांची चूल पेटते आणि किती पोरांच्या फिया भरल्या जातात, हे मला माझ्या वर्गातल्या मुलांवरूनच कळते.

पण माप बदलले की पहिला नंबर बदलतो. अकोले तालुक्याच्या डोंगरात डांगी जनावर आहे. त्याची कातडी तेलकट, खूर काळे नि कठीण. डांगाणातल्या धो धो पावसात भातखाचरात चिखलणी करावी ती त्याच्याच बैलाने. संकरित जनावर तिथे चार दिवसांत कातावेल. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तिथे लोक पाहतात ते अंग, रंग, खूर आणि चाल.

दुसरे उदाहरण खिल्लारचे. शर्यतीच्या मैदानात आजही तोच राजा, संकरिताला तिथे कोणी विचारीत नाही. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद पडल्या. तेव्हा खिल्लार पाळणाऱ्यांची ओरड होती की, नांगर ट्रॅक्टरने नेला आणि शर्यत कायद्याने. मग गोऱ्हा घ्यायचा कोणी? डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बैलाला काठीने, खिळ्याने छळणे मला मुळीच मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही. पण एक जात टिकणे न टिकणे एखाद्या मैदानावर कसे अवलंबून असते, ते यातून दिसते.

त्या जपानी खेळातही असे एकदा घडले. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू नावाची एक चिमुकली खार मैदानात आणली. ती २००६ सालची, जोर बेताचा, कोणी सहसा न निवडणारी. तिने काय केले? समोरच्याचे घाव स्वतःच्या अंगावर घेतले आणि जोडीदाराला मोकळे सोडले. पार्क जगज्जेता झाला. आपण तिला तोलत होतो तो काटाच वेगळा होता म्हणायचा!

म्हणून पशुप्रदर्शने भरविणाऱ्या मंडळींना माझी एक सूचना आहे. दुधाच्या आकड्याशेजारी आणखी रकाने आखा. दोन वेतांतले अंतर किती, वेते किती झाली, पेंडीवर आणि औषधपाण्यावर खर्च किती, वैशाखातल्या उन्हात दूध किती उतरले. आणि गुरुजी, हा तक्ता सातवीच्या मुलांना अंकगणिताच्या तासाला देता येईल. प्रत्येकाने आपल्या घरच्या एका गाईचा वर्षाचा जमाखर्च मांडावा, गावठी असो वा संकरित. बागायती गावात बहुधा संकरित गाय पुढे येईल, डोंगरातल्या शाळेत उत्तर निराळे निघेल. दोन्ही शाळांनी आपले तक्ते एकमेकींना टपालाने पाठवावेत.