शेताचा फोटो काढताना



अतिवृष्टीनं पीक आडवं झालं की आपण मोबाइल घेऊन बांधावर धावतो. पण नंतर फोटो बघावा, तर शेत कुणाचं आणि पाणी किती, काहीच कळत नाही. फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. तरी नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली असा वाद निघाला आणि तलाठी येईपर्यंत पाणी ओसरलं, तर दाखवायला तोच हाताशी असतो.

म्हणून आधी कॅमेऱ्याची काच पदरानं पुसा. ऊन पाठीशी घ्या, समोरून आलं तर शेत काळं दिसतं. मोबाइल आडवा धरा. निम्मं आभाळ नको, जमीन जास्त येऊ द्या.

फोटो तीन काढा. पहिला लांबून, त्यात विहीर किंवा बांधावरचं झाड अशी ओळखीची खूण हवी. दुसरा पूर्ण वावराचा. तिसरा जवळून, पाण्यात काठी उभी करून, म्हणजे खोली समजते. झूम करू नका, चार पावलं पुढं जा. मात्र विजेची तार पडली असेल तर लांबच थांबा.

कॅमेऱ्याचं लोकेशन सुरू ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर तो पुसट होतो, ठिकाणाची नोंदही जाते. म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा आणि मूळ फोटो जपा.

आणखी एक, बायांनो. पीक उभं आहे तोवरच त्याच जागेवरून एक फोटो काढून ठेवा. आधीचं दिसलं, तरच गेलेलं कळतं.