अंगच्या पाण्यावर



जॉर्जियाच्या उत्तरेकडील पर्वतमार्गाने जो कोणी जाणार असेल त्याने त्या मार्गावर निदान एक रात्र मुक्काम करावा, आणि तोही शक्य तर कोणाच्या तरी घरी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. मला मिळालेली मुदत थोडी आहे. बाकीचे राहून गेले तरी चालेल, परंतु हे राहू नये म्हणून आरंभीच सांगून ठेवतो. आपल्याकडील कितीतरी मुले अलीकडे वैद्यकीच्या शिक्षणासाठी तिबिलिसीस जातात, त्यांच्या पाठोपाठ दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत त्यांचे आईबाप आणि मामामावश्या जातात, आणि तेथे पोहोचताच त्यांना असे सांगितले जाते की, या मार्गावरील काझबेगी गावाला सकाळी जाऊन रात्री परत येता येते. येता येते, हे खरेच आहे. अंतर एका बाजूने दीडशे किलोमीटरांच्या आसपास, वेळ तीन-साडेतीन तासांचा. परंतु मंडळी, जाऊन येता येणे निराळे आणि जाणे निराळे.

या रस्त्यास 'जॉर्जियन लष्करी मार्ग' असे म्हणतात. आपल्याकडे सालबाईचा तह झाला त्याच्या पुढल्याच वर्षी, 1783 मध्ये, पूर्व जॉर्जियाचा राजा दुसरा एरेक्ले याने इराणच्या दहशतीतून राज्य वाचावे म्हणून रशियाच्या कॅथरीन राणीशी तह केला; त्या तहात लिहून दिलेले संरक्षण 1795 मध्ये इराणी फौजेने तिबिलिसी लुटली तेव्हा कामास आले नाही, आणि 1801 मध्ये तर ज्यांनी संरक्षण द्यावयाचे त्यांनीच ते राज्य खालसा केले. या उलाढालीच्या काळात काकेशस पर्वत ओलांडून तोफा आणि रसद नेता यावी म्हणून जुन्या वाटेचा गाडीरस्ता होत गेला. आपल्या बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तो 1830 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी रशियाचा महाकवी पुश्किन या मार्गाने, कधी गाडीतून तर कधी घोड्यावर, मजल दरमजल करीत तिबिलिसीस पोहोचला होता. त्याने वाटेत किती रात्री काढल्या असतील याची कल्पना करा, आणि मग सकाळी निघून रात्री परतणाऱ्या आपल्या मोटारीकडे पाहा.

रस्त्याचे वर्णन मी थोडक्यात करतो. प्रथम झिन्वालीचा जलाशय आणि त्याच्या काठावर अरागवीच्या सरदारांची अनानुरीची गढी लागते. पुढे पासानौरी येथे पांढरी अरागवी आणि काळी अरागवी या दोन नद्या एकमेकींस मिळतात, आणि मिळाल्यावरही काही अंतरापर्यंत त्यांचे दोन रंग एकाच पात्रात शेजारी शेजारी वाहताना दिसतात. म्लेता गावापासून रस्ता वळणांवर वळणे घेत गुदौरीच्या पठारावर चढतो आणि अखेरीस सुमारे 2,400 मीटर उंचीवरील ज्वारी खिंडीत येतो. खिंडीपलीकडे रस्त्याच्या कडेलाच खनिज पाण्याच्या झऱ्याने डोंगराच्या अंगावर तांबूस-पिवळ्या क्षारांचे थर चढविले आहेत. मग उतार, आणि उताराच्या शेवटी तेर्गी नदीच्या काठी स्तेपान्त्समिंदा, ज्यास आजही पुष्कळ लोक काझबेगी या जुन्याच नावाने ओळखतात. हे गाव 1,740 मीटरांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच. त्याच्यावर 2,170 मीटरांवर गेर्गेतीचे चौदाव्या शतकातील देवालय, आणि त्याच्याही मागे पाच हजार मीटरांहून उंच असा काझबेगचा हिमाच्छादित सुळका. आमिरानी नावाच्या वीरास देवाने याच पर्वतात साखळदंडांनी बांधून ठेवले अशी तेथील लोककथा आहे.

परंतु आपल्याला मुक्कामाविषयी बोलायचे आहे.

आमचा मुक्काम ठरलेला नव्हता. ऑक्टोबरचा अखेरचा आठवडा होता. मी, माझी पत्नी आणि तिबिलिसीस शिकणारा माझा भाचा असे तिघे एका भाड्याच्या मोटारीने निघालो होतो आणि त्याच रात्री परतावयाचे होते. खिंडीत मालमोटारींची न संपणारी रांग होती, कारण रशिया आणि आर्मेनिया यांच्यामधील बहुतेक सारी अवजड वाहतूक याच एका रस्त्याने होते. दुपारी बर्फ पडू लागले, आणि आम्ही गेर्गेतीचे देवालय पाहून खाली उतरतो तो खिंड रात्रीपुरती बंद केल्याची वार्ता आली. चालकाने आम्हांस आपल्या ओळखीच्या एका घरी नेले. रस्ता बंद झाला म्हणून आम्ही राहिलो. तुम्ही तो उघडा असतानाच राहा, अशी माझी विनंती आहे.

घरातील वृद्ध बाईंस सगळे 'बेबिया' म्हणत होते. बेबिया म्हणजे आजी. भाचा मला मामा, मामा म्हणून हाक मारीत होता, आणि जॉर्जियन भाषेत 'मामा' या शब्दाचा अर्थ बाप असा असल्याने बेबियाने मला त्याचा बापच मानले आणि मुलगा इतका वाळला कसा, याचा जाब मला विचारला. भाच्याने उलगडा केला तेव्हा ती हसली खरी, परंतु त्याच्या पानात वाढताना हात मात्र आखडला नाही. तेथे भाकरीला किंवा पावाला 'पुरी' म्हणतात. हाही शब्द ऐकून आमची मंडळी दचकली, कारण समोर आली ती मातीच्या मोठ्या भट्टीच्या भिंतीस थापून भाजलेली, नावेच्या आकाराची, लांब रोटी.

आणि त्या पुरीबरोबर जे होते त्याविषयी मी आता सांगतो. त्याचे नाव चाखोखबिली. 'खोखोबी' म्हणजे फेझंट हा रानपक्षी. पश्चिम जॉर्जियातील रिओनी नदीस प्राचीन ग्रीक लोक फासिस म्हणत आणि त्या पक्ष्याचे युरोपीय नाव त्या नदीवरूनच पडले. पूर्वी हे कालवण त्या पक्ष्याचे होत असे, आता ते कोंबडीचे होते. बेबियाने कोंबडीचे तुकडे जाड बुडाच्या पातेल्यात घातले, तेही तेलाचा थेंब न टाकता, आणि मंद आचेवर ते परतीत राहिली. तुकड्यांनी आपले पाणी सोडले, ते पाणी आटले, मग त्यांनी आपली चरबी सोडली आणि त्या चरबीत ते तांबूस झाले. मग कांदा, आणि त्यानंतर उन्हाळ्यात बरणीत भरून ठेवलेले टोमॅटो. माझ्या पत्नीने जन्माच्या सवयीने पाण्याचा तांब्या उचलला मात्र, बेबियाने तिचे मनगट धरले. एक शब्दही बोलली नाही. झाकण ठेवले आणि आच आणखी कमी केली. आपल्याकडेही जुन्या बायका ताटलीत पाणी ठेवून, वाफेवर, अंगच्या पाण्यावर मटण शिजवीत. घाई शिरली आणि तांबे पातेल्यात रिते होऊ लागले.

श्रोतेहो, त्या दिवसापासून मला एका दिवसात केलेला प्रवास हा वरून पाणी ओतलेल्या रश्श्यासारखा वाटतो. तो लवकर होतो, वाढतोही पुष्कळ, पाहुण्यांस पुरतो; छायाचित्रे शंभर निघतात, गढी झाली, खिंड झाली, देवालय झाले. परंतु तुकडा दाताखाली घेतला की आत चव पोहोचलेली नसते. मुक्काम करणे म्हणजे झाकण ठेवणे. रस्त्याने जे दिवसभर दाखविले ते रात्री त्याच्याच पाण्यात शिजते: बाहेर तेर्गीचा आवाज येत असतो, मालमोटारींचे दिवे बर्फात उभे असतात, कोणीतरी सांगते की आपला आजा या खिंडीतून मेंढरे घेऊन उतरत असे, आणि दुपारी खिडकीतून पाहिलेला जो उजाड उतार तुम्हांस केवळ उजाड वाटला होता तो त्या मेंढरांचा रस्ता होऊन बसतो. हे वरून ओतता येत नाही. वाटाड्याने गाडीत बसल्या बसल्या सांगितलेली माहिती म्हणजे तो तांब्या होय. माहिती वाईट नव्हे, पाणीही वाईट नव्हे, परंतु ते त्या पातेल्यातले नव्हे.

मसाल्याचे राहिले. कालवण होत आले तेव्हा बेबियाने लसूण, मीठ आणि लाल मिरची खलात कुटली, अगदी आपल्या ठेच्यासारखी. तिच्यात धणे घातले, आणि एका कागदाच्या पुडीतून फिकट हिरवट पूड घातली. पत्नीने पुडी नाकाशी नेली आणि म्हणाली, "अहो, ही मेथी आहे." मेथीच होती, म्हणजे मेथीची सख्खी बहीण: निळ्या फुलांची, आपल्या मेथीहून सौम्य, कडवटपणा जवळजवळ नसलेली. तिला तेथे 'उत्स्खो सुनेली' म्हणतात, आणि त्याचा शब्दार्थ परक्या मुलखाचा मसाला असा आहे. ज्या मसाल्याविना त्यांची कितीतरी कालवणे पुरी होत नाहीत, त्यास त्यांनी परका हे नाव आजतागायत ठेवले आहे, आणि ते परकेपण आमच्या घरच्या वासाचे निघाले, याचे मला फार नवल वाटले. याविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु घड्याळ समोर आहे.

दुसऱ्या पुडीत केशरी पूड होती. आम्ही केशर समजलो; तेथे तिला, इमेरेती प्रांतावरून, इमेरेतीचे केशर असेच म्हणतात. बेबियाने अंगणात नेऊन, बर्फाखाली मान टाकलेले रोप दाखविले. तो झेंडू होता. ज्या झेंडूची तोरणे तीनच आठवड्यांपूर्वी दसऱ्यास आम्ही दारावर बांधून आलो होतो, त्याच्या पाकळ्या वाळवून, कुटून, ही मंडळी रश्श्यात घालतात. आपल्याकडे झेंडू दारापर्यंत येतो, देव्हाऱ्यापर्यंत जातो, स्वयंपाकघराचा उंबरठा मात्र त्याने कधी ओलांडलेला नाही. शेवटी पातेले खाली उतरवून तिने कोथिंबीर आणि इतर दोन-तीन हिरवे पाले चिरून घातले, पुन्हा झाकण ठेवले आणि आम्हांस वीस मिनिटे नुसते बसविले. भाचा भुकेने कासावीस झाला होता, तरी बसविले.

आता मला थोडे रागावून बोलू द्या. परदेशी जाताना आपण मसाल्याची तयार पाकिटे, ठेपले, चिवडा यांनी पेटी भरतो, त्यास माझी हरकत नाही. पथ्य असते, मुले असतात, प्रत्येकाचे पोट निराळे. परंतु ज्या डोंगरात एक म्हातारी बाई तुमच्या ओळखीची मेथी आणि तुमच्या ओळखीचा झेंडू घेऊन बसली आहे तेथून सूर्य मावळण्यापूर्वी पळून यावयाचे, आणि तिबिलिसीच्या खोलीत पाकिटातील भाताला उकळते पाणी घालावयाचे, हे मला पाहवत नाही. पुन्हा तेच, पाणी ओतणे.

आणि हे सांगण्याची आजच निकड आहे. खिंडीच्या दोन बाजूंच्या क्वेशेती आणि कोबी या गावांना जोडणारा नवा रस्ता तेथे होतो आहे, त्यात सुमारे 9 किलोमीटर लांबीचा बोगदा आहे, आणि वाहने त्यातून जाऊ लागली की बर्फ पडो वा हिमकडा कोसळो, वाहतूक बारमाही चालेल. तेथील रहिवाशांच्या दृष्टीने हे अत्यंत आवश्यक आहे. ज्यांची आजारी माणसे खिंडीत अडकतात त्यांनी तो मागू नये असे कोण म्हणेल? परंतु आपण प्रवासी आहोत. बोगद्याने तासभर वाचला तर आपण तो तास कशास लावणार? आणखी एखादे ठिकाण यादीत घालण्यास लावू, अशी मला भीती वाटते. तो तास बेबियाच्या स्वयंपाकघरास द्या. खिंडीचा जुना रस्ता उघडा असेल तर निदान जाताना त्याने जा, आणि रात्री राहा.

स्तेपान्त्समिंद्याच्या उत्तरेस दारियालची घळ आहे. तिचे नाव फारसी 'दर-ए-आलान', म्हणजे आलान लोकांचे दार, यावरून आले. हे दार आणि आपले दार यांचे नाते मला सांगावयाचे होते, परंतु मला खूण झाली आहे, म्हणून ते सोडतो.

सकाळचे एवढे सांगतो. आकाश निवळले होते. बेबियाने रात्रीचे पातेले पुन्हा चुलीवर चढविले होते आणि भाचा तिच्या शेजारी पाटावर बसला होता. काझबेगचा माथा प्रथम गुलाबी आणि मग पांढरा झाला, तो आम्ही मागच्या दारातून, हातात पुरीचा तुकडा घेऊन पाहिला. खिंड दहा वाजता उघडली. आम्ही बारा वाजता निघालो. तिबिलिसीच्या दिदुबे स्थानकावरून काझबेगीच्या लहान गाड्या सुटतात. जाणाऱ्यांनी परतीची गाडी त्याच दिवसाची ठरवू नये, दुसऱ्या दिवसाची ठरवावी, आणि तीही दुपारची.