घरी बिअर बनवायची? आधी अर्धी बनवा

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. शेवगाव, संगमनेर, श्रीरामपूर, सावेडी... सगळ्यांचा प्रश्न एकच: "दादा, घरी बिअरचा सेटअप कसा करायचा? यूट्यूबवर तर सोप्पं दिसतं."

दिसतं सोप्पं, कारण ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे 1978 साली कायदा बदलला आणि घरापुरती बिअर बनवायला मोकळीक मिळाली. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 आहे. कलम 12 नुसार परवान्याशिवाय दारू बनवता येत नाही. आणि कायद्याच्या भाषेत दारू म्हणजे अल्कोहोल असलेलं कुठलंही पेय, बिअरसुद्धा. "मी विकत नाही, स्वतःपुरतीच करतो" ही सबब चालत नाही. कलम 65 वाचा, त्यात दारू बनवण्यासाठी भांडी आणि साहित्य बाळगणं हाही गुन्हा आहे. तुरुंग आणि दंड दोन्ही. एमपीएससी, पोलीस भरती करणाऱ्यांनी जास्त नीट ऐका. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला की काय होतं ते मी सांगायला नको.

दुसरं म्हणजे आपला जिल्हा. नगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा, इथे दारू हा गमतीचा विषय नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये निवडणुकीच्या दिवसांत पांगरमलला बनावट दारूने माणसं गेली. आता शास्त्र सांगायचं तर धान्याच्या बिअरमधून असा विषार सहसा होत नाही. बनावट दारूतले मृत्यू बहुतेक वेळा मिथेनॉलने होतात, आणि ते कारखान्यातलं रसायन कुणीतरी त्यात मिसळलेलं असतं. पण हा फरक शेजारच्या काकूंना समजावत बसणार का? ज्या बायकांनी गावोगाव आडव्या बाटलीसाठी मतदान केलं, त्यांच्या घरात बसून?

मग विषय संपला? नाही ना. बिअरचं खरं इंजिनिअरिंग यीस्ट टाकण्याच्या आधीच होतं. धान्यातल्या पिठाची साखर करायची, गाळायची, उकळायची, झटकन थंड करायची. यीस्ट टाकलंच नाही, तर हातात येतं माल्टचं सरबत. त्यात सोडा घाला, फर्स्टक्लास पेय होतं. म्हणून म्हणतोय, अर्धी बनवा.

आधी धान्य. लागतो जव, म्हणजे सातू. बियाण्याच्या दुकानातला घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. खायचा जव घ्या. मोड आणायचे, मटकीसारखेच, फक्त चार-पाच दिवस. दाण्याच्या आतला कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला आला की थांबवायचं. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. आपल्या एप्रिलच्या उन्हाळ्यात मोडांना बुरशी आधी येते. मग सावलीत, वाऱ्यावर खडखडीत वाळवा आणि मुळ्या चोळून काढा. सुरुवातीलाच 50 अंशांच्या वर तापवलं तर आतले एन्झाइम मरतात आणि सगळी मेहनत वाया.

"आपली मालदांडी ज्वारी चालेल का?" हा प्रश्न येणारच. नवख्याने करू नये असं माझं मत. एक तर ज्वारीला जवासारखं टरफल नसतं, त्यामुळे गाळताना सगळा चिखल होतो. दुसरं, तिचं पीठ फुलायला जास्त तापमान लागतं आणि तेवढ्या तापमानाला एन्झाइम टिकत नाहीत. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते त्यामुळेच. शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं सांगायला नको.

माल्ट गिरणीत न्या आणि "भरडा" म्हणून सांगा. लापशीच्या रव्यापेक्षा जाड. पीठ झालं तर गाळणार नाही. टरफल अख्खं राहायला हवं, तीच आपली फुकटची गाळणी.

आता सेटअप. नळ असलेला, आतून स्टीलचा 10 लिटरचा थर्मास जार. पातळ प्लास्टिकचा नको, 70 अंशांना वाकतो. एक मोठं पातेलं, एक थर्मामीटर, एक मलमलची पिशवी. बस.

दीड किलो माल्ट, साडेचार लिटर पाणी. पाणी 72 अंशांना आणा. गार माल्ट पडला की मिश्रण 66 च्या आसपास येतं. जार आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर उष्णता तोच खातो. झाकण लावून एक तास सोडा. मग एक थेंब बशीत काढा आणि त्यावर मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन. निळं-काळं झालं तर पीठ अजून शिल्लक आहे, थांबा. आठवीच्या प्रयोगशाळेतलं हे एकच ज्ञान मला आयुष्यात कामाला आलंय! (तपासलेला थेंब फेकून द्यायचा, परत जारमध्ये नाही.)

नळ हळू सोडा. माल्ट दीडेक लिटर पाणी पिऊन बसतो, तीन लिटर मिळतं. वरून 75 अंशांचं साडेतीन लिटर पाणी फिरवा. साडेसहा झालं. तासभर उकळून पाच लिटरवर आणा, शेवटच्या दहा मिनिटांत आलं आणि गवती चहा. परदेशात इथे हॉप्स घालतात. आपल्या देशात ते लाहौलमध्ये पिकतात, पण गवती चहाची चव मला तरी जास्त आवडते.

गार करणं हा माझा आवडता भाग. व्हिडिओत नळ सोडून पाणी वाहू देतात. पाथर्डीत, पारनेरात मे महिन्यात असं केलंत तर घरचेच हाकलतील. एसी मेकॅनिककडून आठ मीटर तांब्याची नळी घ्या, पातेल्यात मावेल अशी गुंडाळी करा आणि तिला डेझर्ट कूलरचा छोटा पंप जोडा. 20 लिटरची एक बादली फिरवली की रस साधारण 41 अंशांवर येतो, दुसऱ्या बादलीला 30 च्या जवळ. पुढे बर्फ. ते पाणी स्वच्छच असतं, धुण्याला वापरा. पंप लावताना वायरचा जोड बादलीच्या वर ठेवा आणि सॉकेट अर्थिंगवालं असू द्या.

आता लक्ष द्या. हा रस जिवाणूंसाठी पंचपक्वान्न आहे. लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून बाहेर अजिबात ठेवू नका. हवेतलं यीस्ट शिरलं की गॅस होतो आणि बाटली फुटते, काचा थेट डोळ्यात जाऊ शकतात. फसफसायला लागलेला रस ओतून द्या, चाखत बसू नका. तिथून पुढे तो कायद्याच्या हद्दीत जातो. प्यायचं कसं? अर्धा ग्लास रस, अर्धा ग्लास गार गोटी सोडा, वर लिंबू पिळा.

आणि ज्याला पुढची अर्धीही शिकायचीच आहे, त्याच्यासाठी परवान्याचा रस्ता आहे. पुण्यात 2009 मध्ये डुलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केली ती परवाना घेऊनच. मूनशाइन मीडरी मधापासून मीड बनवते, तीही पुण्यातच आणि तीही परवान्यावर. अशा ठिकाणी नोकरी मागायला गेलात आणि माल्ट, तापमान, आयोडीन हे सगळं हाताने केलेलं सांगता आलं, तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फूड टेक्नॉलॉजीवाल्यांनी याचा विचार करा.

कॉइलचं माप आणि पंपाच्या जोडणीचा फोटो खाली दिलाय. दाणे भिजत घातले की कितव्या दिवशी कोंब आला ते कमेंटमध्ये लिहा, तालुक्याच्या नावासकट. अकोल्याची थंडी आणि कर्जतची थंडी यात किती फरक पडतो ते मला बघायचंय.