प्रतिष्ठेच्या नावाने होणारी हिंसा आणि श्रावकधर्म

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा आणि गौरवाचा प्रसंग असतो. तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. ज्या वास्तूत अहिंसेचा उद्घोष नित्य होतो, तिच्या व्यासपीठावर हिंसेच्या एका दुर्लक्षित प्रकाराचा विचार व्हावा, हे या महोत्सवाला साजेसेच आहे. हा प्रकार म्हणजे घराण्याच्या अब्रूसाठी घरातल्याच स्त्रीवर होणारी हिंसा. वृत्तपत्रांत ती 'ऑनर किलिंग' या नावाने येते. हत्या हे तिचे अखेरचे टोक. त्याआधी कोंडून ठेवणे, शिक्षण थांबवणे, मारहाण करणे, मनाविरुद्ध घाईने लग्न लावून देणे अशा अनेक पायऱ्या असतात आणि त्यांची नोंद कुठेही होत नाही.

भाषा समाजमनाचा आरसा असते. 'घराण्याला काळिमा फासला', 'नाक कापले', 'चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही' हे शब्दप्रयोग कोणाच्या संदर्भात उच्चारले जातात, ते पाहावे. मुलाने व्यापारात लबाडी केली, व्यसनात घर बुडवले, तर तो 'वाया गेला' एवढेच म्हटले जाते. मुलीने स्वतःच्या इच्छेने जोडीदार निवडला, तर मात्र संपूर्ण कुळाचे नाक कापले जाते. अब्रू घरातील पुरुषांची. पण ती ठेवलेली असते स्त्रीच्या देहात. एकदा ही कल्पना मनात रुजली, की त्या ठेवीवर पहारा ठेवणे हे कर्तव्य वाटू लागते आणि पहारेकऱ्याचा हात केव्हा उगारला जातो, ते त्यालाही कळत नाही.

जैन पुराणपरंपरेने या दुःखाची नोंद फार पूर्वीच केली आहे. महाराष्ट्री प्राकृतात रचलेले विमलसूरींचे पउमचरिय आणि रविषेणाचार्यांचे संस्कृत पद्मपुराण या दोन्ही ग्रंथांत सती अंजनेची कथा येते. विवाहानंतर वर्षानुवर्षे उपेक्षिलेल्या अंजनेकडे पवनंजय युद्धावर जाता जाता एका रात्री गुप्तपणे परत येतो आणि खूण ठेवून निघून जातो. पुढे तिला दिवस गेल्याचे दिसताच सासू केतुमती तिच्यावर दुराचाराचा आळ घेते. अंजना खूण दाखवते, सत्य सांगते. परंतु ऐकून घेण्याची कोणाचीच तयारी नसते. तिला घराबाहेर काढले जाते. सखी वसंतमालेसह ती माहेरी येते, तेव्हा पिता राजा महेंद्रही लोकापवादाच्या भयाने तिला आश्रय नाकारतो. गर्भवती अंजना अरण्यात जाते. गुहेत तिला ध्यानस्थ मुनींचे दर्शन होते, तिथेच हनुमानाचा जन्म होतो आणि अखेर मामा प्रतिसूर्य तिला आपल्या घरी नेतो.

या कथेत अंजनेवर कोणीही शस्त्र उगारलेले नाही. तरीही तिला मृत्यूच्या दारात लोटण्यात आले. सासूने आळ घेतला, पित्याने दार लावून घेतले आणि नगराने ते मुकाट्याने पाहिले. विशेष म्हणजे पुराणकारांनी महेंद्राच्या या कृतीला कुलरक्षण म्हणून गौरविलेले नाही. त्यांची सारी सहानुभूती अंजनेच्या बाजूला आहे. चंदनेच्या कथेतही तेच दिसते. श्रेष्ठीच्या पत्नीने केवळ संशयाने जिला बेड्या घातल्या, तिच्याच हातून भगवान महावीरांनी आहार स्वीकारला आणि पुढे ती छत्तीस हजार आर्यिकांच्या संघाची प्रमुख झाली. संशयाने जिला नाकारले, तिला संघाने अग्रस्थान दिले.

आता तत्त्वाकडे वळू. मराठीत 'मान' म्हणजे सन्मान. जैन शास्त्रात मात्र 'मान' हा क्रोध, माया आणि लोभ यांच्यासह चार कषायांपैकी एक आहे. तो आत्म्याला बांधतो, म्हणून तो त्याज्य. लोक ज्याला घराण्याचा मान म्हणतात आणि ज्याच्या रक्षणासाठी कन्येचा बळी देतात, तो शास्त्राच्या दृष्टीने बहुतांशी मान-कषायच असतो. ज्याचा क्षय करण्यासाठी उत्तम मार्दवाची साधना सांगितली आहे, त्यालाच कुलदैवताप्रमाणे पूजले जाते, हा केवढा विपर्यास!

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हिंसेच्या आस्रवाचे एकशे आठ भेद मोजले आहेत. संरंभ म्हणजे संकल्प, समारंभ म्हणजे तयारी आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृती. ही तिन्ही मन, वचन आणि काया यांनी होतात. ती कृत, कारित आणि अनुमोदित अशी असतात. आणि त्यांच्यामागे चारांपैकी एक कषाय असतो. एखाद्या प्रतिष्ठाहत्येचा तपास वाचला, तर हे गणित जिवंत होऊन समोर येते. बैठकीत निर्णय होतो, तो संरंभ. 'झाले गेले विसरून जा, घरी ये, थाटात लग्न लावून देऊ' असा गोड निरोप मुलीला पाठवला जातो. तो माया-कषायाने केलेला वचनाचा समारंभ. हात एकाचा असतो, ते कृत. त्याला डिवचणारे दहा असतात, ते कारित. 'बापाने योग्यच केले' असे नंतर पारावर बसून म्हणणारे शेकडो असतात, ते अनुमोदित. न्यायालय पहिल्याला आणि पुरावा मिळाल्यास दुसऱ्याला शिक्षा देऊ शकते. तिसऱ्यापर्यंत कोणत्याही दंडसंहितेचा हात पोहोचत नाही. कर्मसिद्धांत मात्र तिथेही पोहोचतो.

गृहस्थाच्या बाबतीत हिंसेचे आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असे चार प्रकार सांगितले जातात. पहिले तीन गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत. संकल्पी हिंसेचा त्याग मात्र अणुव्रती श्रावकाला अनिवार्य आहे. 'आम्ही कुळाचे रक्षण केले' असे म्हणणारे आपल्या कृत्याला विरोधी हिंसेचा पोशाख चढवू पाहतात. पण विरोधी हिंसा आक्रमकाविरुद्ध असते. जिने आपला जोडीदार निवडला, तिने कोणावर आक्रमण केले? ती हत्या शुद्ध संकल्पी हिंसाच होय.

या हिंसेचे मूळ एखाद्या विशिष्ट धर्मात किंवा देशात शोधणे चुकीचे ठरेल. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात, ख्रिस्तपूर्व १८ च्या सुमारास झालेल्या कायद्याने विवाहित कन्या व्यभिचार करताना सापडल्यास तिला आणि तिच्या प्रियकराला ठार करण्याची मुभा पित्याला ठराविक परिस्थितीत दिली होती. फ्रान्सच्या १८१० च्या दंडसंहितेतील ३२४ व्या कलमाने आपल्या घरात पत्नीला परपुरुषासह पाहून तिची हत्या करणाऱ्या पतीचा गुन्हा क्षम्य मानला. ही तरतूद १९७५ साली रद्द झाली. याच संहितेचा प्रभाव १८५८ च्या ऑटोमन दंडसंहितेवर आणि पुढे अरब देशांतील काही कायद्यांवर पडला. इटलीत तर १९८१ पर्यंत अब्रूसाठी केलेल्या हत्येला सौम्य शिक्षा देणारे कलम होते आणि बलात्काऱ्याने पीडितेशी विवाह केल्यास त्याचा गुन्हा पुसून टाकणारेही कलम होते. जगातील राज्यकर्त्यांनी ही हिंसा पाहिली, तिला कायद्यात जागा दिली आणि ती जागा काढून घेण्यास फार उशीर केला.

इटलीतील ही कलमे डळमळीत होण्यास एक मुलगी आणि तिचा पिता कारण झाले. सिसिली बेटावरील आल्कामो गावच्या फ्रांका व्हिओला या सतरा वर्षांच्या मुलीचे डिसेंबर १९६५ मध्ये अपहरण झाले आणि तिच्यावर अत्याचार झाला. अत्याचार करणाऱ्याशीच विवाह करून अब्रू 'वाचवावी', अशी तिथली रीत. तिने नकार दिला. तिचा पिता शेतकरी होता. त्याने लेकीला 'तुझी इच्छा काय' असे विचारले आणि तो तिच्या पाठीशी उभा राहिला. या कुटुंबावर बहिष्कार पडला, त्यांचा द्राक्षमळा आणि कोठार जाळण्यात आले; तरी ते डगमगले नाहीत. १९६६ साली अपहरणकर्त्याला शिक्षा झाली. राजा महेंद्राने लावलेले दार या शेतकऱ्याने उघडे ठेवले.

भारतात कायदा स्पष्ट आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ जैनांनाही लागू आहे आणि तो आंतरजातीय किंवा सगोत्र विवाहास मनाई करीत नाही. लता सिंह प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तीला स्वेच्छेने विवाह करण्याचा अधिकार आहे आणि अशा दांपत्याला पोलिसांनी संरक्षण द्यावे, असे बजावले. विधी आयोगाने २०१२ च्या २४२ व्या अहवालात विवाहस्वातंत्र्यात हस्तक्षेप करणाऱ्या जमावांविरुद्ध स्वतंत्र कायदा सुचवला. २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी प्रकरणात न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष, मदतवाहिनी आणि सुरक्षित निवारा यांविषयी निर्देश दिले.

तरीही कायदा एकटा पुरेसा पडत नाही. हरियाणातील कैथल जिल्ह्यात २००७ साली सगोत्र विवाह केलेल्या एका तरुण दांपत्याला न्यायालयाने संरक्षण दिले होते. तरी मुलीच्या नातलगांनी दोघांची हत्या केली आणि प्रेते कालव्यात टाकली. मार्च २०१० मध्ये करनालच्या सत्र न्यायालयाने पाच नातलगांना फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयात ती फाशी टिकली नाही. संरक्षणाचा आदेश कागदावर होता. गावाचे अनुमोदन मात्र मारणाऱ्यांच्या पाठीशी होते.

महाराष्ट्रानेही हे दुःख पाहिले आहे. २०१३ साली नाशिकमध्ये जातीबाहेर विवाह केलेल्या गर्भवती मुलीची हत्या तिच्या पित्यानेच केली आणि त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचे पुढे आले. त्यानंतर डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. परंतु मोहीम थांबली नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. बहिष्काराची भीती हेच पित्याच्या हाती शस्त्र देणारे कारण आहे, हे या कायद्याने ओळखले.

'आपल्या समाजात असे घडत नाही' असे कोणी म्हणेल. हत्या होत नाही, एवढ्याने श्रावक निर्दोष ठरत नाही. मुलीने अन्य जातीत विवाह केला म्हणून तिच्या आईवडिलांचे नाव निमंत्रणाच्या यादीतून गळणे, पूजेच्या बोलीला त्यांनी पुढे येऊ नये अशी कुजबुज होणे, धाकट्या बहिणीचे स्थळ परत जाणे या अनुमोदनेच्याच छटा आहेत. पित्याला कन्येपेक्षा समाजाची भीती अधिक वाटू लागते, ती याच छोट्या छोट्या गोष्टींनी.

आईवडिलांना मुलीची निवड पटलीच पाहिजे, असा याचा अर्थ नाही. त्यांना दुःख होईल, मतभेद होतील, अश्रू येतील. धर्म दुःखाला मनाई करीत नाही. दुःखाचे रूपांतर क्रोधात आणि मानात होऊ न देण्यास सांगतो. अशा वेळी त्या घराला एकटे न टाकणे हे समाजाचे काम आहे. ज्येष्ठ श्राविका आणि जाणती माणसे त्या घरी जाऊन बसली, 'मुलीला भेटा, तिच्याशी बोला' एवढे जरी म्हणाली, तरी अनेक अनर्थ टळतील. मुलीच्या जिवाला धोका दिसला, तर पोलिसांकडे जाणे ही समाजाची बदनामी नव्हे. ते जीवदयेचेच कार्य आहे. मुक्या प्राण्यांसाठी पांजरपोळ उभारणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पर्युषणात दशलक्षण धर्मांची आराधना होते. त्यांत पहिला उत्तम क्षमा आणि दुसरा उत्तम मार्दव. हा क्रम अर्थपूर्ण आहे. क्षमेने क्रोध शमतो. पण मान उरला, तर तो क्रोध पुन्हा जागा होतो. पन्नास वर्षांत या संस्थेने जे उभे केले, त्याचा अभिमान जरूर असावा. मात्र इथल्या प्रत्येक कन्येला, तिने कोणताही निर्णय घेतला तरी, माहेरचे दार उघडे मिळेल एवढी खात्री वाटावी. ती वाटली, तर या समाजाची खरी प्रतिष्ठा त्यातच आहे.

जय जिनेंद्र.