चाहूल कोणाच्या कानांनी ऐकायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



समाजात काही हालू लागले, की त्याला नाव देण्याचे काम सहसा हालणारा माणूस करीत नाही. ज्याचे आसन हालते तो करतो. इंग्रजी अमदानीतील शब्द या दृष्टीने तपासण्यासारखे आहेत. 'अनरेस्ट' म्हणजे स्वस्थतेचा अभाव. कोणाच्या स्वस्थतेचा, हे तो शब्द सांगत नाही. पण ती राज्यकर्त्याचीच असते. 'डिसअफेक्शन' हा शब्द 1870 साली दंडसंहितेत राजद्रोहाच्या कलमातून आला. 1897 च्या टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी त्याचा अर्थ 'प्रेमाचा अभाव' असा लावला. रयतेने सरकारवर प्रेम न करणे हाच गुन्हा ठरला! पुढे 1910 साली व्हॅलेंटाईन चिरोल यांनी 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात टिळकांना त्या अनरेस्टचे जनक म्हटले. मराठी माणसाने तो आरोप उचलला आणि त्याची पदवी केली: 'असंतोषाचे जनक'. या भाषांतरात मोठे राजकारण आहे. अनरेस्ट वरून दिसते. असंतोष आतून जाणवतो.

इंग्रजीत दुसऱ्या जातीचेही शब्द आहेत. 'स्टरिंग' म्हणजे निजलेल्याची पहिली चुळबूळ, 'फर्मेंट' म्हणजे पीठ आंबू लागणे, 'क्विकनिंग' म्हणजे गर्भाची आईला जाणवलेली पहिली हालचाल. हे शब्द कचेरीतले नव्हेत, घरातले आहेत. आपल्याकडेही कुणकुण कानावर येते, धुसफूस ओठांत राहते आणि चाहूल पावलांची लागते. प्रश्न शब्दांच्या संख्येचा नसून ते वेळेवर वापरण्याचा आहे.

याचे उदाहरण नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, इतिहासातच आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. लोण पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरले. लोकांना हवी होती ती कर्जरोख्यांची कागदपत्रे. ती मिळवून जाळणे हा उठावाचा गाभा होता. सरकारदप्तरी याचे नाव 'डेक्कन रायट्स', म्हणजे दंगे, असे पडले.

परंतु चाहूल आधीच लागलेली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865, कापसाला भाव चढला आणि शेतकऱ्याची पत वाढली. युद्ध संपले, भाव उतरले. कर्ज मात्र उतरले नाही. त्यातच 1867 पासून जमीनमहसुलाची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई आणि साचलेले व्याज मुद्दलात मिळे. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला व तो आसपास पसरला. ही खरी 'स्टरिंग' होती. त्यात ना आग होती, ना मारहाण. होता तो सामुदायिक निश्चय. सरकारने चौकशी आयोग नेमला तो मात्र दंग्यानंतर.

या उठावाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. रोष प्रामुख्याने मारवाडी व गुजराती सावकारांवर गेला. जवळचा चेहरा दिसला. सारा वाढविणारे दूरचे सरकार दिसले नाही. 1879 च्या शेतकरी कायद्याने सावकाराला काहीसा लगाम घातला, पण साऱ्याच्या ओझ्याचा प्रश्न त्याने सोडविला नाही. कर्ज हे लक्षण होते. उपचार लक्षणावर झाला.

दीडशे वर्षे हा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. एप्रिल 2017 मध्ये याच जिल्ह्यातील, राहाता तालुक्यातील पुणतांब्याच्या ग्रामसभेने संपाचा ठराव केला. 1 जूनपासून दूध व भाजीपाला शहरांकडे जाणे रोखले गेले, तेव्हा कोठे राजधानीचे लक्ष गेले. त्याच महिन्यात राज्य सरकारने 34 हजार कोटींची, दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. मागण्यांत कर्जमाफीबरोबर उत्पादनखर्चावर आधारित हमीभावही होता. कर्जमाफी निघाली, भावाचा प्रश्न उरला. पुन्हा उपचार लक्षणावर.

यातून कार्यकर्त्याने काय घ्यावे? वर्तमानपत्रात 'उद्रेक' हा शब्द छापून येतो तेव्हा त्याचे अर्धे काम हातून गेलेले असते. सोसायटीचे थकबाकीदार का वाढले, दुधाचा भाव आणि पेंडीचा भाव यांतील अंतर किती उरले, बाजाराच्या दिवशी उधारी कोणाची वाढली, ग्रामसभेत एरवी गप्प बसणारा माणूस काय बोलला, याची नोंद ज्याच्या वहीत आहे त्यालाच चाहूल लागेल. आणि चाहूल ऐकणे पुरेसे नाही. रोष जवळच्या चेहऱ्यावर, परक्या जातीवर वा भाषेवर घसरू न देता तो मूळ कारणापर्यंत नेणे, हे संघटनेचे काम आहे. ते झाले नाही, तर नाव ठेवायला कचेरी तयारच असते. आणि तिच्या कोशात 'दंगा' हा शब्द नेहमी पहिल्या पानावर असतो.