मैदानाचं बेणं

श्रोतेहो, हंगामाची गडबड आहे, तेव्हा मुद्द्यालाच येतो. बेण्याचा ऊस आणि गाळपाचा ऊस यांतला फरक बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. बेणेमळ्यातला ऊस गव्हाणीत पडत नाही. त्याची टिपरी दहा जणांच्या रानात लागतात आणि टनेज त्या दहांच्या नावावर निघतं. खेळाचा मास्तर म्हणजे हे बेणं.

हॅरी क्रो बक हे नाव कितीजणांनी ऐकलंय? अमेरिकेत ज्या स्प्रिंगफिल्डला १८९१ मध्ये नेस्मिथनं बास्केटबॉल काढला, तिथंच शिकलेला हा गडी. १९२० मध्ये मद्रासला त्यानं वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं, तेही पाच विद्यार्थ्यांवर. १९२४ ला पॅरिस ऑलिंपिकला भारताचा संघ घेऊन गेला. पदक एकही नाही. झालं, विसरलो आपण त्याला!

खुद्द नेस्मिथचं तरी काय? कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक असताना त्यानं सामने जिंकले ५५ आणि हरले ६०. पण त्याच्या हाताखाली खेळलेल्या फॉग ॲलननं त्याच विद्यापीठाला ५९० सामने जिंकून दिले. टनेज कुठं निघालं बघा!

बकच्या कॉलेजातनं मास्तर बाहेर पडले. खेळाडू नव्हे, मास्तर. पुन्हा सांगतो, कारण टाळ्या आपण चढाई करणाऱ्यालाच देतो. १९३८ ला कांदिवलीला सरकारी संस्था निघाली, तीही मास्तर घडवायलाच.

आणि आता आपल्याकडं? परवा एका कॉलेजचं मैदान पाहिलं. बास्केटबॉलच्या रिंगला जाळी नाही, खांबाला टेकवून मोटारसायकली लावलेल्या. शिट्टी कुणाकडं, तर ज्याचा तास रिकामा त्याच्याकडं. अहो, बेण्याला पैसे नाहीत आणि उतारा मात्र सगळ्यांना हवा!

शिवाय तेच बेणं वर्षानुवर्षं लावलं की कांडी बारीक पडते. तसं मास्तरांनाही अधूनमधून शिकायला धाडावं लागतं. त्याचा खर्च कुणी करायचा, हा आणखी एक... असो, काचेपलीकडून खूण झालीय.

एवढंच करा. पोरांच्या प्रवेशाला जाल तेव्हा फीबरोबर हेही विचारा, की इथं मैदानावर पूर्णवेळ मास्तर कोण? नाव सांगता आलं नाही, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन विचारा.