सिझेरियनच्या वेळी आईचा रक्तदाब



१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती-लाभ विधेयकाची बाजू मांडली. बाळंतिणीची काळजी ही समाजाची जबाबदारी आहे. म्हणून आज हा विषय.

सिझेरियनसाठी बहुधा पाठीत भुलीचे इंजेक्शन देतात. त्याने शरीराच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या सैल पडतात व रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त आणखी घटते. मग वारेतून बाळाला होणारा पुरवठाही कमी पडतो.

म्हणून भूलतज्ज्ञ सलाईन लावतात, आईला किंचित डावीकडे कलते ठेवतात आणि फिनाइलएफ्रिनसारखे औषध देतात. बाळ जन्मेपर्यंत दर मिनिटाला रक्तदाब पाहतात. वरचा आकडा मूळ आकड्याच्या ९० टक्क्यांखाली जाऊ देत नाहीत.

मूळ आकडा ठाऊक असेल तरच घसरण कळते. तेव्हा गरोदरपणातील तपासणीचे कार्ड सोबत न्या. मळमळ, चक्कर, जीव घाबरणे ही रक्तदाब उतरल्याची खूण असू शकते. आपल्या भगिनी सारे मुकाट्याने सोसतात. टेबलावर सोसू नका, तत्क्षणी सांगा.

नमो बुद्धाय! जयभीम!